विचित्राची ओढ

तिशी-चाळिशींतलीं चार सुशिक्षित माणसें एकत्र बसलीं आणि बोलणें लहानपणाकडे वळलें, म्हणजे हल्लीं एक गोष्ट हटकून घडते. कोणी तरी दूरचित्रवाणीवर पाहिलेल्या एखाद्या चमत्कारिक कार्टूनचें नांव काढतो, दुसऱ्यास लागलीच त्याहून चमत्कारिक असें एखादें आठवतें, आणि "काय विचित्र असायचं नाहीं तें सगळं!" ह्या उद्गारावर सर्वांचें एकमत होतें. हा उद्गार निघतांना चेहऱ्यांवर जें समाधान पसरतें तें न्याहाळण्यासारखें असतें. विचित्र वस्तूपासून माणूस एरवीं दोन पावलें मागें सरतो. येथें तो तिला, माळ्यावर सांपडलेल्या आजीच्या पितळी डब्याप्रमाणें, पुसून पुसून हातांत घेतो. संभाषणाचा शेवटहि ठरलेला आहे. आजचीं कार्टूनें मिळमिळीत, आमचीं तीं खरीं, आणि आजच्या मुलांचें नशीब खोटें.

प्रस्तुत लेखक ह्याच मंडळींपैकीं एक असल्यामुळें ह्या आनंदाची थट्टा करण्याचा अधिकार त्याला नाहीं. परंतु त्या आनंदावर विसंबून एखाद्या कलाकृतीची किंमत ठरवावी कीं काय, हा प्रश्न वेगळा आहे. स्मरणरंजन हाहि एक प्रकारचा टीकाकारच असतो. तो निवड करतो, प्रतवारी लावतो, एकाला उचलून धरतो, दुसऱ्याला अडगळींत टाकतो. फक्त आपल्या निर्णयाचीं कारणें तो कधीं सांगत नाहीं. तीं कारणें तपासून पाहावीं अशा हेतूनें गेल्या दिवाळीच्या सुटींत मी लहानपणच्या दोन कार्टूनमाला पुन्हां पाहिल्या. एक म्हणजे १९६१-६२ सालीं प्राग शहरांत तयार झालेले 'टॉम आणि जेरी'चे १३ लघुपट. दुसरी, १९९९ ते २००२ ह्या काळांत अमेरिकेंत निघालेली 'करेज द कावर्डली डॉग'. म्हणजे नांव धैर्यधराचें आणि काळीज सशाचें अशा एका कुत्र्याची कथा. दोहोंमध्यें जवळजवळ ४० वर्षांचें अंतर आहे. तरी माझ्या आठवणींच्या कपाटांत त्या दोन्ही एकाच खणांत, 'विचित्र' ह्या चिठ्ठीखालीं, शेजारीं शेजारीं पडून होत्या.

एकाच खणांत त्या कां पडल्या, ह्याचें कारण आमच्या घरांतल्या परिस्थितींत आहे. कार्टून नेटवर्क ही वाहिनी भारतांत १९९५ सालीं सुरू झाली. तिच्यावरचीं पात्रें आधीं इंग्रजी बोलत व पुढें हिंदी बोलूं लागलीं; मराठी मात्र बोलत नसत. शाळेंतून येऊन दप्तर दाराशीं टाकणाऱ्या आणि ताट मांडीवर घेऊन पडद्यासमोर बसणाऱ्या मुलाला त्यांतले निम्मे शब्द कळत नसत, आणि त्याचें त्याला कांहीं वाटतहि नसे. तीस-चाळीस वर्षांपूर्वींचें चित्र आणि कालचें चित्र एकामागून एक येई. कोणतें केव्हांचें, कोणाच्या हातचें, हें सांगणारें घरांत कोणी नव्हतें. शिवाय माणसाच्या उंचीचें शीतकपाट, भिंतीच्या तळाशीं उंदराच्या बिळाची नीटस कमान, अंगणांत कापलेली हिरवळ आणि तिच्यावर साखळीनें बांधलेला बुलडॉग, हें सारेंच आम्हांला परकें होतें. परकें कोणतें आणि विचित्र कोणतें, हा भेद करण्याचें साधनच आमच्यापाशीं नव्हतें. जें दिसे तें त्या जगाची रीत म्हणून आम्ही मुकाट्यानें स्वीकारीत असूं.

आधीं प्रागच्या टॉमकडे वळूं. विल्यम हॅना व जोसेफ बार्बेरा ह्या जोडीनें १९४० पासून १९५८ पर्यंत एमजीएम ह्या चित्रसंस्थेसाठीं 'टॉम आणि जेरी'चे ११४ लघुपट काढले, आणि त्यांपैकीं ७ लघुपटांना ऑस्कर पारितोषिक मिळालें. संस्थेनें १९५७ सालीं आपला कार्टूनविभाग बंद केला. पुढें तींच पात्रें पुन्हां पडद्यावर आणावीं, पण खर्च बेताचा व्हावा, असा विचार झाला, तेव्हां काम गेलें जीन डाइच ह्या अमेरिकन दिग्दर्शकाकडे. डाइच १९५९ सालीं दहा दिवसांच्या बोलीनें प्रागला गेला, तेथें एका चेक बाईच्या प्रेमांत पडला आणि २०२० सालीं मृत्यु येईपर्यंत तेथेंच राहिला. त्याच्या 'मन्रो' ह्या लघुपटानें ऑस्कर मिळवलेलें होतें. तेव्हां माणूस गुणी होता ह्यांत संशय नाहीं. पण टॉम आणि जेरीविषयीं त्याच्या मनांत प्रेम नव्हतें. अकारण मारामारीचा नमुना म्हणूनच तो त्या चित्रांकडे पाहत असे. त्याचे चेक सहकारी तर पोलादी पडद्याआडचे. मूळ चित्रें त्यांनीं जवळजवळ पाहिलेलींच नव्हतीं, नमुन्यादाखल थोडीं दाखवण्यांत आलीं तेवढींच. दर चित्रास पैसा मिळे सुमारें १०,००० डॉलर. त्यांतून हीं चित्रें साम्यवादी देशांत होतात हें अमेरिकन प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येऊं नये म्हणून नामावलींत चेक नांवें इंग्रजी वळणाचीं करून घातलेलीं असत. व्हाट्स्लाव लिडल हा संगीतकार तेथें व्हिक्टर लिटल झाला! नांव बदलून दुसऱ्याचीं पात्रें हलवणाऱ्या त्या माणसांच्या मनांत काय येत असेल, हा विचार चित्रें पाहतांना माझ्या डोक्यांतून गेला नाहीं.

ह्या सर्वांचा परिणाम जो व्हावयाचा तोच झाला. टॉम आणि जेरी दिसतात तेच, पण चालतात निराळे. मूळ चित्रांत टॉम धांवतां धांवतां थबकला, तर त्याच्या थबकण्यालाहि वजन असे. प्रागच्या टॉमला वजन नाहीं. तो एका जागीं नाहींसा होतो आणि दुसऱ्या जागीं उमटतो. भोंवतालचीं घरें व माळ ओसाड आहेत. आवाज विहिरींतून आल्यासारखे घुमतात. त्यांमागें टॉड डॉकस्टेडर ह्या, यंत्रांतून ध्वनि घडवणाऱ्या संगीतकाराचा हात होता. 'स्विचिन् किटन' ह्या पहिल्याच चित्रांत एक शास्त्रज्ञ अंधाऱ्या गढींत जनावरांचे मेंदू अदलून बदलून ठेवतो. मांजर कुत्र्यासारखें वागतें, आणि शेवटीं जेरी सिंहाची डरकाळी फोडतो. आणखी कांहीं चित्रांत टॉमचा धनी म्हणून एक लठ्ठ, टकला, कमालीचा तापट गृहस्थ येतो. त्याचें तोंड रागानें लाल होतें आणि तो त्या मांजराला जें बडवतो तें पाहतांना आजहि अंगावर कांटा येतो, कारण त्या मारांत खेळ नाहीं. हॅना-बार्बेरांच्या चित्रांत टॉमच्या डोक्यावर इस्तरी पडली तर डोकें इस्तरीच्या आकाराचें होई, आणि आपण हसत असूं. येथें मार लागतो.

ह्या चित्रांचें आरंभीचें संगीत वाजूं लागलें कीं लहानपणीं माझ्या पोटांत कसेंसेंच होई, हें मला पक्कें आठवत होतें. पुढें आठवणीनें त्या कसेंसें होण्याला गूढ, स्वप्नवत्, विलक्षण अशीं विशेषणें जोडलीं, आणि मीहि तीं चारचौघांत मिरवलीं. तेरा चित्रें ओळीनें पाहिल्यावर हीं विशेषणें मला एकामागून एक उतरवून ठेवावीं लागलीं. खालीं उरला तो अपुरा पैसा, अनोळखी हात, आणि ज्यांच्याशीं आपली कधीं ओळख झाली नाहीं अशा पात्रांना नाचवण्याची नोकरी. विचित्रपणा खरा आहे; पण तो कोणीं केलेला नाहीं, झालेला आहे. भाषेचें उदाहरण घेतलें तर, परकी भाषा अर्धीमुर्धी येणाऱ्या माणसाच्या तोंडून एखादें चुकलेलें वाक्य कवितेसारखें ऐकूं यावें, तसा हा प्रकार. ऐकणाऱ्याला त्यांत काव्य वाटेल. पण बोलणारा बिचारा पाणी मागत होता.

अपवाद मात्र एक आहे. 'द टॉम अँड जेरी कार्टून किट' (१९६२) ह्या चित्राच्या आरंभीं एक निवेदक गुळगुळीत आवाजांत एक पेटी पुढें करतो. पेटींत एक दुष्ट व मूर्ख मांजर, एक गोजिरवाणा उंदीर, नाना तऱ्हेचीं प्राणघातक शस्त्रें, आणि खुद्द चित्रकारांसाठीं कॉफी व सिगारेटी. एवढ्या सामग्रीवर कोणालाहि टॉम-जेरीचें चित्र काढतां येतें, असें त्याचें म्हणणें. ज्या मालाचा ठेका घेतला त्याच मालाची अशी थट्टा भर दुकानांत उभें राहून करणारा कारागीर विरळा. येथें डाइच प्रथमच आपल्या मनांतलें बोलतो, आणि चित्राला एकदम धुगधुगी येते. त्यानें प्रागमध्येंच पुढें मॉरिस सेंडाकच्या 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' ह्या पुस्तकावरून जो लघुपट केला, तो पाहिला म्हणजे हाच माणूस विचित्राला किती मायेनें वागवूं शकत होता हें कळतें. दोष हाताचा नव्हता, संबंधाचा होता.

आतां करेज. ह्या मालेचा जनक जॉन डिलवर्थ. त्याचा 'द चिकन फ्रॉम आउटर स्पेस' हा लघुपट १९९६ सालच्या ऑस्करच्या अंतिम यादींत होता. त्यांतूनच पुढें ५२ भागांची ही माला झाली, आणि बहुतेक भागांत दोन दोन कथा आल्या. कॅन्सस प्रांतांतल्या उजाड माळावर एक घर आणि एक पवनचक्की. गांवाचें नांवच 'नोव्हेअर', म्हणजे 'कोठेंच नाहीं'. घरांत म्युरिएल नांवाची प्रेमळ म्हातारी, युस्टस हा तिचा कंजूष व कुरकुऱ्या नवरा, आणि पिल्लूपणीं पोरका झालेला, म्युरिएलनें उचलून आणलेला एक गुलाबी कुत्रा. दर कथेंत ह्या घरावर कांहीं तरी चाल करून येतें: भूत, परग्रहावरचा जीव, शापित राजा, पिसाट नातेवाईक. नवऱ्याला पैशाचा लोभ सुटतो. बायकोला संशय म्हणून कसला तो शिवत नाहीं. भीति वाटते ती एकट्या कुत्र्याला, आणि तो भीत भीतच घर वाचवतो. माळ्यावर एक संगणक आहे. कुत्रा त्याला सल्ला विचारूं जातो आणि तो सल्ल्याआधीं चार टोमणे मारतो. (ज्ञान आणि सहानुभूति एकाच जागीं नांदत नाहींत, हें १९९९ सालीं लिहिणाऱ्याला ठाऊक होतें.)

आमच्या मंडळींत ह्या मालेचें बोलणें निघालें म्हणजे नांवें निघतात तीं राक्षसांचीं. चोरीस गेलेल्या शिळेसाठीं रात्रीं दाराबाहेर अंधारांत उभा राहून पोकळ आवाजांत ती परत मागणारा आणि जागच्या जागीं डोलणारा इजिप्तचा राजा रॅम्सीज तर एकहि जण विसरलेला नाहीं. हा राजा आज पाहिला तर तंत्राच्या दृष्टीनें दरिद्रीच वाटतो. संगणकावर केलेली ती एक पातळ आकृति आहे. पण सभोंवतालचें जग रंगवलेलें, आणि त्यांत ही एकच आकृति निराळ्या द्रव्याची. ती तेथली नाहीं हें बुद्धीच्या आधीं डोळ्यांना कळतें. डिलवर्थ ही युक्ति वारंवार योजतो. चित्रलेल्या वस्तूंच्या शेजारीं छायाचित्रांतली वस्तु येते, सपाट कुत्र्यासमोर संगणकानें फुगवलेलें तोंड येतें. प्रागच्या चित्रांत जोड उघडे पडले, कारण ते झांकण्यास पैसा नव्हता. येथें जोड मुद्दाम उघडा ठेवलेला आहे, आणि त्याच फटींतून भीति आंत शिरते.

'फ्रीकी फ्रेड' ही कथा त्याहून धाडसाची. म्युरिएलचा भाचा फ्रेड, धंद्यानें न्हावी, घरीं पाहुणा येतो. त्याच्या तोंडावरचें हसूं क्षणभरहि ढळत नाहीं. तो आणि करेज न्हाणीघरांत कोंडले जातात, आणि यमकांत गुंफलेलें आपलें स्वगत सावकाश म्हणत म्हणत तो कुत्र्याचे केस उतरवतो. बस्स. रक्ताचा थेंब नाहीं, धांवपळ नाहीं. शेवटीं वेड्यांच्या इस्पितळाचीं माणसें येऊन त्याला घेऊन जातात. इजा म्हणाल तर गेलेले केस. भय हें घडणाऱ्या गोष्टींपेक्षां घडूं शकणाऱ्या गोष्टींत अधिक असतें, ही गोष्ट इतक्या थोड्या सामग्रींत पटवून देणारे प्रवेश मोठ्यांच्या रंगभूमीवरहि मला फारसे आठवत नाहींत.

येथवर स्मरणरंजनानें मला दगा दिला नाहीं. राजाहि तोच होता, न्हावीहि तोच. जी मुळींच आठवत नव्हती ती म्हणजे म्युरिएल. हें लिहितांना संकोच वाटतो. पण वीस वर्षांहून अधिक काळ ज्या मालेची मी स्तुति करीत आलों, तिच्या मधोमध बसलेली म्हातारी मी साफ विसरलों होतों.

ती मला दाखवली माझ्या सात वर्षांच्या भाचीनें. दिवाळींत ती माझ्याजवळ बसून हीं चित्रें पाहत होती. रॅम्सीजला ती भिईल अशी माझी खात्री होती. खरें सांगायचें तर मी त्या क्षणाची वाटच पाहत होतों. ती भ्यायली नाहीं. तीन कथा झाल्यावर तिनें विचारलें, "मामा, हिला कधींच कळत नाहीं का, कीं ह्यानेंच वाचवलं?"

मी म्हटलें, "बहुतेक वेळां नाहीं."

"मग तो सांगत कां नाहीं?"

"सांगतो कीं. बघ ना, कसा नाचून नाचून सांगतोय."

"हो, पण तिला कळत नाहीं ना."

एवढें बोलून ती पुन्हां पडद्याकडे वळली. मी मात्र तेथेंच अडकलों.

करेज फार थोडें बोलतो. माला पुढें जाते तसतसें आणखी थोडें. आलेलें संकट म्युरिएलला समजावें म्हणून तो आपल्या देहाचींच रूपें बदलतो. क्षणांत राक्षस होतो, क्षणांत यंत्र, क्षणांत खुद्द म्युरिएल. आपल्याकडे दारीं येणारा बहुरूपी पोटासाठीं जें करतो तें हा जिवाच्या आकांतानें करतो, आणि प्रेक्षक एकच, तोहि न कळणारा. आपण त्या सोंगांना हसतों. परंतु हीं सोंगें म्हणजे एका मुक्या जीवाचें बोलणें आहे, हें लक्षांत आल्यावर तें हसूं अर्ध्यावर थांबतें. म्युरिएल त्याला मांडीवर घेते, थोपटते, चहाचा घोट घेते. तो काय सांगतो हें तिला कळत नाहीं. तो घाबरला आहे एवढें कळतें.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं रसांच्या वैराची मोठी चर्चा केलेली आहे. विश्वनाथानें 'साहित्यदर्पणां'त हास्याचे वैरी म्हणून नेमके दोनच रस सांगितले, भयानक आणि करुण. नियम ठोकळमानानें खरा आहे. भ्यालेला मनुष्य हसत नाहीं आणि रडणारा तर नाहींच. मग अकरा-बारा मिनिटांच्या कथेंत हे तिन्ही रस मांडीला मांडी लावून बसतात, तरी ती कथा मोडून कां पडत नाहीं? ह्याचें उत्तरहि शास्त्रांतच आहे. परस्परांचे वैरी असलेले रस तिसऱ्याच एखाद्या प्रधान रसाचीं अंगें होऊन आले तर त्यांचें वैर शमतें, असें आनंदवर्धनानें 'ध्वन्यालोकां'त दाखवून दिलें आहे. करेजमध्यें हा प्रधान रस वत्सल होय. विश्वनाथानें ज्याला स्वतंत्र रसाचा मान दिला तोच. फरक एवढाच कीं येथें वात्सल्याची दिशा उलटली आहे. पाळलेलें पोर पाळणारीला सांभाळतें. तो भितो तो तिच्यासाठीं, त्याचीं सोंगें तिच्यासाठीं, आणि तिला तें उमगत नाहीं म्हणून आपल्याला त्याची करुणा येते. म्युरिएल काढून घ्या, कीं उरतील तीं नुसतीं भुतें आणि त्यांच्यापुढें किंचाळणारें एक जनावर. माझ्या स्मृतीनें नेमकें तेंच केलें होतें. तिनें भुतें जपलीं आणि म्हातारी टाकली.

असें एकट्या माझेंच झालें असेल तर गोष्ट निराळी. पण मालेच्या शेवटल्या कथेचें काय झालें तें पाहा. 'परफेक्ट' (२००२) ह्या कथेंत एक करडी मास्तरीण करेजला निर्दोष बनवण्याचा चंग बांधते. त्या धास्तीनें त्याला स्वप्नांत एक निळसर, बेढब मुद्रा दिसते व ती त्याचें उणेंपण त्याला सुनावते. ही मुद्रा काय ती आज जिकडे तिकडे फिरते; सगळ्यांत भयंकर कार्टूनें कोणतीं, असा वाद निघाला कीं पहिली तीच पुढें येते. त्याच कथेंत पुढें न्हाणीघरांतल्या टबांतून एक ओबडधोबड जलचर डोकें वर काढतो, आणि निर्दोष असें जगांत कांहीं नसतें असें त्या कुत्र्याला हळुवारपणें समजावून सांगतो. मुद्रा त्या जलचरासाठीं योजलेली आहे. त्याच्यावांचून ती अर्धीच आहे. तो कोणालाच आठवत नाहीं.

वत्सलाच्या ह्या दृष्टीनें मला सर्वांत पुरी उतरलेली वाटली ती 'द टॉवर ऑफ डॉक्टर झालोस्ट' ही कथा. 'झालोस्ट'चें मूळ रूप चेक भाषेंतहि आहे आणि त्याचा अर्थ दुःख. प्रागच्या मंडळींना हें नांव आवडलें असतें. हा डॉक्टर आपल्या मनोऱ्यांतून दुःखाचे तोफगोळे सोडतो, आणि ज्याला गोळा लागेल तो शोकांत बुडतो. म्युरिएल बुडते, सारें गांव बुडतें. गोळा युस्टसलाहि लागतो; पण तो मुळांतच दुर्मुखलेला असल्यामुळें त्याच्यांत तिळमात्र फरक पडत नाहीं. विनोद म्हणून हें उत्तम आहे, आणि विनोद ओसरल्यावर त्या म्हाताऱ्याविषयीं जें वाटतें तें विनोदाहून उत्तम आहे. ह्या दुःखावर उतारा म्हणजे म्युरिएलच्या हातचीं गोड आलुबुखारें. तीं शेवटीं खुद्द डॉक्टरच्या तोंडांत जातात. तोफा ओतणाऱ्याला कोणी शिक्षा करीत नाहीं. त्याला खाऊं घालतात. कथा सांगूं गेलें तर पोरकट वाटते, ह्याची मला जाणीव आहे. पाहतांना ती तशी वाटत नाहीं, कारण तोंपर्यंत त्या उजाड माळावरचें दुःख आपल्याहि अंगावर पडलेलें असतें.

ह्याचा अर्थ माला निर्दोष आहे असा नव्हे. बावन्न भागांपैकीं कित्येकांत नुसत्या किळसेची रास आहे, आणि संकट येणें व टळणें ह्यांचा सांचा इतका ठाम बसतो कीं पुढची पायरी मुलालाहि आधीं कळावी. म्युरिएलचें अज्ञान हें कधीं तिच्या स्वभावांतून येतें, तर कधीं कथानकाला अडचण होऊं नये म्हणून लेखकानें तिच्या डोळ्यांवर बांधलेली पट्टी असते. युस्टस हिरवा मुखवटा घालून कुत्र्याला दचकवतो आणि म्युरिएल त्याच्या टाळक्यांत लाटणें घालते, हा खेळ पहिल्यांदा बरा वाटतो, विसाव्या वेळीं नाहीं. स्मरणरंजनाला हे दोषहि आठवत नाहींत. गुण विसरण्यांत आणि दोष विसरण्यांत तें सारखेंच उदार आहे.

आजचीं कार्टूनें मिळमिळीत झालीं ही तक्रारहि टिकत नाहीं. त्याच वाहिनीवर २०१० सालीं सुरू झालेलें 'अ‍ॅडव्हेंचर टाइम' किंवा २०१४ सालचें 'ओव्हर द गार्डन वॉल' हीं चित्रें विचित्रपणांत आमच्यांहून तसूभरहि कमी नाहींत. दुसरें तर पुष्कळ सरस आहे. आम्हांला तीं दिसलीं नाहींत, कारण तोंवर आम्ही ताट मांडीवर घेऊन बसणारे राहिलों नव्हतों. मधल्या काळांत आमच्या पिढीच्या ह्या ओढीला बाजारभावहि आला. २०२१ सालीं करेज आणि स्कूबी-डू ह्या दोन कुत्र्यांची गांठ घालणारा एक चित्रपट निघाला. त्यांत डिलवर्थचा हात नव्हता. म्युरिएलला आरंभापासून आवाज देणारी थिआ व्हाइट मात्र त्यांत होती. तिचें तें शेवटचेंच काम ठरलें, आणि तो चित्रपट प्रसिद्ध होण्यापूर्वींच ती वारली.

गेल्या महिन्यांत मंडळी पुन्हां जमलीं. रॅम्सीजचें नांव निघालें, फ्रेडचें निघालें, एकानें तें निळें तोंडहि करून दाखवलें. मी विचारलें, "आणि त्यांतली म्हातारी आठवते?" थोडा वेळ कोणीच बोललें नाहीं. मग आमच्यांतला एक जण, जो एरवीं अशा गप्पांत फारसा भाग घेत नाहीं, म्हणाला, "डोलणाऱ्या खुर्चींत बसलेली असायची, तीच ना?" आणि जरा थांबून, "कुत्रा तिच्याच पायाशीं असायचा."